बॉक्सर, बासरी आणि बत्तीस इंच

जिममध्ये पहिल्याच दिवशी कुणी थेट जड बार उचलायला गेलं, तर ट्रेनर धावत येतो. आधी खांदे फिरव, मनगटं मोकळी कर, हलक्या वजनाने दोन सेट मार, मग बघू. हे आपल्याला पटतं. पण बासरी घरी आली की आपण काय करतो? पार्सल फोडायचं, फोनवर व्हिडिओ लावायचा आणि थेट आवडतं गाणं वाजवायला बसायचं. पहिल्या दिवशी नुसतं फुस्स. दुसऱ्या दिवशी फुस्स आणि वर थोडी चक्कर. महिन्याभरात बासरी कपाटावर आणि आपण घरच्यांना सांगून मोकळे, की आपल्यात ते टॅलेंटच नाही.

टॅलेंटचं नंतर बघू. वॉर्म-अप झाला होता का, हा पहिला प्रश्न. आणि या प्रश्नाचं उत्तर ज्याच्या आयुष्यात सापडतं, तो माणूस गंमत म्हणजे खरोखरच आखाड्यातला होता. बॉक्सिंग आणि लाठी शिकलेला, कमावलेल्या शरीराचा एक बंगाली तरुण. आज मैफलीत आपण जी लांब, जाड, खोल आवाजाची बासरी ऐकतो, ती शास्त्रीय संगीताच्या मंचावर आणून बसवली ती त्याने. त्याचं नाव पन्नालाल घोष.

बारिसालचा मुलगा

पन्नालालचा जन्म २४ जुलै १९११ रोजी बारिसालला झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. कीर्तनखोला नदीच्या काठावरचं, चहूकडे पाणीच पाणी असलेलं. घरात गाणं होतंच. आजोबा हरकुमार घोष धृपद गाणारे, वडील अक्षयकुमार सतार वाजवणारे. धाकटा भाऊ निखिल पुढे तबल्यातलं मोठं नाव झाला. म्हणजे पन्नालालने गळा किंवा सतार धरली असती, तर घरातच वाट तयार होती. त्याने धरली बासरी.

ती कशी धरली, याच्या आख्यायिका आहेत. नदीत वाहत आलेली बासरी त्याला सापडली असं एक सांगतात, एका साधूने त्याच्या हातात बासरी दिली असं दुसरं. खरं-खोटं बाजूला ठेवू. त्या काळच्या पूर्व बंगालात बासरी ही नावाड्यांची, गुराख्यांची, जत्रेतली वस्तू होती हे मात्र नक्की. बांबूचा तुकडा, सहा भोकं, एक फुंक. स्वस्त, सुटसुटीत, खिशात मावणारी. आणि म्हणूनच, मोठ्या गवयांच्या बैठकीत तिला फारसं कुणी विचारत नव्हतं.

पन्नालालच्या तरुणपणाचा दुसरा अर्धा भाग आखाड्यात गेला. तो काळ स्वातंत्र्य चळवळीचा. बंगालमधल्या व्यायामशाळा म्हणजे नुसत्या दंडबैठकांच्या जागा नव्हत्या. चळवळीतली मुलं तिथेच जमायची, त्यामुळे पोलिसांची नजरही तिथेच असायची. पन्नालालही चळवळीत ओढला गेला, पोलिसांच्या नजरेत आला आणि १९२०च्या दशकाच्या अखेरीला बारिसाल सोडून कलकत्त्याला पोचला. वय सतरा-अठरा. आज तुम्ही बारावी संपवून हॉस्टेलची खोली शोधता, साधारण तेच वय.

आखाड्याचा हा तपशील चरित्रातली गंमत म्हणून सोडून देण्यासारखा नाही. ज्याने शरीर कमावलंय त्याला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. ताकद एका दिवसात येत नाही आणि तयारी न करता अंगावर घेतलेलं वजन इजा करतं. पुढे त्याने जी बासरी निवडली, ती वाजवायला हे शहाणपण उपयोगी पडणार होतं.

गुरू तीन, बासरीवाला एकही नाही

कलकत्त्यात पन्नालालला काम मिळालं ते सिनेमात. न्यू थिएटर्स ही तेव्हाची बलाढ्य कंपनी. तिथे संगीतकार रायचंद बोराल यांच्या हाताखाली तो वाजवू लागला. बोलपट नुकतेच सुरू झाले होते, पार्श्वगायनाचा जमाना उजाडत होता. त्याची पत्नी पारुल घोष ही हिंदी-बंगाली सिनेमातल्या अगदी पहिल्या पार्श्वगायिकांपैकी एक. संगीतकार अनिल विश्वास यांची ती बहीण आणि ही सगळी मंडळी मूळची बारिसालचीच.

स्टुडिओत बासरीला काम भरपूर असतं. पहाट दाखवायची, वाजवा बासरी. नायिका विरहात, वाजवा बासरी. चार ओळींचा तुकडा वाजवला की झालं. पोट भरतं. पण तासभर एकच राग मांडायचा, आलापापासून द्रुतपर्यंत न्यायचा, ही गोष्ट बासरीवर कुणी करत नव्हतं. त्यामुळे ती शिकवणाराही कुणी नव्हता. पन्नालालपुढची अडचण आपल्यापेक्षा नेमकी उलटी होती. आपल्याकडे बासरीचे हजार व्हिडिओ, त्याच्याकडे बासरीचा एकही गुरू नाही.

मग त्याने काय केलं? ज्यांच्याकडे राग होता, त्यांच्याकडे गेला. पहिले रीतसर गुरू उस्ताद खुशी मोहम्मद खाँ. ते वाजवायचे हार्मोनियम. विचार करा, हार्मोनियमवर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, मींड निघत नाही. प्रत्येक पट्टी वेगळी. आणि बासरीचा तर जीवच मींडेत. तरीही रागाची चाल, सुरांची जागा, बंदिशीची शिस्त तिथून घेता येते आणि ती त्याने घेतली. हे गुरू त्याला फार काळ लाभले नाहीत. त्यानंतर तो गेला गिरिजाशंकर चक्रवर्ती यांच्याकडे. हे गायक, खयाल आणि ठुमरीचे बंगालमधले मोठे शिक्षक. तिसऱ्या गुरूंची गोष्ट पुढे येईल, तेही बासरीवाले नव्हते.

म्हणजे बोटं कशी ठेवायची, फुंक कशी मारायची, रोज सकाळी पहिली दहा मिनिटं काय करायचं, हे सांगायला कुणी नाही. रियाजाचा आराखडा त्याला स्वतःच बांधावा लागला आणि तो बांधताना समोर नमुना होता गवयाचा. गवई पहाटे उठून काय करतो? ताना मारत नाही. तो खर्ज लावतो. खालचा सूर, एकच सूर, श्वास संपेपर्यंत.

मधे एक मोठा प्रवासही झाला. १९३८मध्ये सराईकेलाच्या छाऊ नृत्यमंडळींबरोबर पन्नालाल युरोपच्या दौऱ्यावर गेले. नृत्याबरोबर वाजवताना बासरी ताकदीने बोलावी लागते, मोठ्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचावी लागते. छोट्या बासरीचा आवाज पोचतो खरा, पण तो उंच आणि टोकदार असतो. गवयाच्या गळ्यातलं खालचं, भरदार गाणं त्यातून येत नाही.

बत्तीस इंचांचा हट्ट

इथे थोडं विज्ञान. बासरीत वाजते ती बांबूच्या आतली हवा. नळी जितकी लांब, तितका सूर खालचा. खर्जात गाणारी बासरी हवी, तर लांबी वाढवण्याला पर्याय नाही. पन्नालाल यांनी नळीच्या लांबी-जाडीचे आणि निरनिराळ्या वस्तूंचे प्रयोग केले. धातूच्या नळ्याही करून पाहिल्याचं सांगतात. शेवटी मन बसलं ते बांबूवरच आणि लांबी येऊन ठरली सुमारे बत्तीस इंचांवर, म्हणजे जवळजवळ ८१ सेंटिमीटर.

कागदावर सोपं दिसतं. पण एवढ्या लांबीत बांबूच्या दोन गाठींमधलं अंतर सलग मिळायला हवं, तेही सरळ आणि पातळ भिंतीचं. असा बांबू ईशान्येकडे, आसामच्या बाजूला मिळतो. तो मिळाला तरी भोकांमधली अंतरं वाढतात. साध्या बासरीवर बोटांची टोकं टेकवून चालतं. इथे हात ताणावे लागतात आणि बोटांची टोकं नाही तर त्यांचा सपाट भाग भोकांवर ठेवावा लागतो. भोकं मोठी, त्यामुळे एक बोट केसभर जरी सरकलं तरी हवा निसटते आणि खालचा सूर जागच्या जागी मरतो. शिवाय नळीत हवा जास्त, म्हणून श्वासही जास्त लागतो.

थोडक्यात, त्यांनी स्वतःसाठी वजन वाढवून घेतलं. छोट्या बासरीवर सहज निघणारी जलद तान या बासरीवर नव्याने कमवावी लागणार होती. स्टुडिओतल्या कामासाठी याची काहीच गरज नव्हती. ती गरज होती राग पूर्ण वाजवण्यासाठी.

त्यातही एक अडचण उरली, तीव्र मध्यमाची. आपल्या बासरीवर सहाही भोकं बंद केली की खालचा पंचम वाजतो. वरची तीन बंद, खालची तीन उघडी, की षड्ज. आणि सहाही उघडी, की तीव्र मध्यम. आता यमन घ्या, श्री घ्या. तीव्र मध्यम आणि पंचम हे या रागांतले शेजारी. पण बासरीवर ते दोन टोकांना: एकासाठी सगळी बोटं वर, दुसऱ्यासाठी सगळी खाली. सुरावरून सुरावर घसरत जाणार कसं? आणि खालच्या पंचमाच्याही खाली तीव्र मध्यम हवा असेल, तर नळीच संपलेली.

पन्नालाल यांनी खाली सातवं भोक पाडलं, उजव्या हाताच्या करंगळीसाठी. सहा भोकं बंद, सातवं उघडं, की पंचम. करंगळी टेकवली, की त्याच्याखालचा तीव्र मध्यम. दोन शेजारी पुन्हा शेजारी आले. दिसायला एक भोक, पण त्यामुळे यमन, पूरिया, मारवा यांसारख्या रागांचा खालचा मुलूख बासरीला मोकळा झाला. अर्थात, आतापर्यंत निवांत असलेल्या करंगळीलाही आता रियाजाला बसावं लागलं!

पहिला तास कुणाचा?

आता मुद्द्यावर येऊ. अशी बासरी हातात घेतल्यावर सकाळी सुरुवात कशाने करायची? बत्तीस इंचांची बासरी स्वतःच याचं उत्तर देते. ती घाई चालवून घेत नाही. आज बासरी शिकवणारे गुरू सुरुवातीला जे करायला लावतात, त्यामागची कारणं या वाद्याच्या घडणीतच आहेत. ती नीट समजून घेऊ, म्हणजे पन्नालाल यांनी काय उचलून धरलं होतं तेही कळेल.

पहिलं म्हणजे बैठक. पाठ ताठ, खांदे सैल, जबडा मोकळा. बासरी आडवी धरायची असल्याने मान एका बाजूला आणि खांदे वर जायला बघतात. खांदे वर गेले की श्वास छातीतच अडकतो. म्हणून बासरी हातात घेण्याआधी मनगटं फिरवायची, बोटं हळूच ताणायची. पोटापर्यंत श्वास घेऊन हळू सोडायचा. हा झाला वॉर्म-अपमधला बिनआवाजी भाग. नवीन शिकणाऱ्यांनी एकदम लांब बासरीला हात न घालता मध्यम लांबीच्या बासरीपासून सुरुवात करावी. बोटं ताणून ताणून दुखवून घेण्यात शौर्य नाही.

दुसरं, बासरी गरम होऊ द्यायची. हे शब्दशः खरं आहे. हवेचं तापमान एक अंशाने वाढलं की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. आपल्या फुंकेने नळीतली हवा तापते, तसा सूर थोडा चढतो. थंडीच्या सकाळी हा फरक कानाला स्पष्ट कळतो. म्हणून तानपुऱ्याशी सूर जुळवायचा तो पाच-दहा मिनिटं वाजवून झाल्यावर. आल्या आल्या जुळवला, तर दहा मिनिटांनी पुन्हा बेसूर.

तिसरा आणि सगळ्यात मोठा भाग लांब सुरांचा. तानपुरा लावायचा (फोनवरचाही चालेल) आणि षड्ज धरायचा. एक श्वास, एक सूर. घड्याळाकडे बघून सेकंद मोजणं ठीक, पण खरी परीक्षा लांबीची नसते. सूर सुरुवातीला जसा होता तसाच शेवटी आहे का? बासरीवर फुंक कमी झाली की सूर उतरतो, जोर वाढला की चढतो. मग हळू सुरू करून मोठा करायचा, पुन्हा लहान करायचा आणि हे होताना सूर जागेवरून हलू द्यायचा नाही. ते काम ओठांचं. मुखरंध्रावर, म्हणजे ज्यात फुंकायचं त्या भोकावर, ओठांचा कोन किंचित बदलत राहावा लागतो. हे कुणी दाखवून येत नाही, रोज करूनच ओठांना कळतं. मधेच चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबायचं, दोन मिनिटं साधा श्वास घ्यायचा. ही काही पुशअपची स्पर्धा नाही.

चौथं, खर्ज. षड्जावरून एकेक बोट टेकवत खाली: निषाद, धैवत, पंचम. प्रत्येक पायरीवर थांबायचं. सूर फाटला किंवा गायब झाला, तर फुंकेचा जोर वाढवायचा नाही, आधी बोटं तपासायची. बहुतेक वेळा कुठल्या तरी बोटाखालून हवा गळत असते. खालच्या सुरांना जोर नकोच असतो. जोर दिला की बासरी उडी मारून वरच्या सप्तकात जाते. हळू, रुंद, उबदार फुंक. पन्नालाल यांच्या वादनाचं वैभव नेमकं इथे आहे. त्यांचा मंद्र सप्तक ऐकताना बासरी वाजते आहे हे क्षणभर विसरायला होतं, कुणीतरी गातंय असं वाटतं.

पाचवं, अर्धी भोकं. बासरीवर कोमल सुरांना वेगळी भोकं नाहीत. अर्धं भोक झाकून ते काढायचे. शुद्ध मध्यमसुद्धा असाच. हे 'अर्धं' म्हणजे किती, ते रागाप्रमाणे बारीक बदलतं आणि कानच ठरवतो. म्हणून एका बोटाने एकच हालचाल, अतिशय हळू: बंद भोकावरून बोट कणाकणाने सरकवत पुढच्या सुराला पोचायचं. ही झाली मींड. हार्मोनियमवाल्या गुरूंच्या या शिष्याने ती गळ्यासारखी वाजवली.

आणि मग, या सगळ्यानंतर, अलंकार आणि पलटे. आधी ठाय लयीत, सगळे सूर सारख्या लांबीचे, मग दुगुन. आधी श्वास न तोडता, जोडून. मग जिभेने प्रत्येक सुराला हलका 'त' देत. मेट्रोनोम असेल तर उत्तम, नसेल तर तबल्याचं ॲप. वेग वाढवायचा तो चूक होईपर्यंत नाही, चूक व्हायच्या आधीच थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढे.

ही यादी वाचून कंटाळा आला असेल, तर तो प्रामाणिक कंटाळा आहे. तासाभरात एकही गाणं नाही! पण नीट बघा. लांब सूर, खर्ज, मींड, मग हळूहळू लय. हाच तर खयालाचा क्रम. आलाप आधी, तान शेवटी. पन्नालाल यांनी मैफलीत बासरीवर जे मांडलं, ते या वॉर्म-अपच्याच क्रमाने मांडलं. रियाजाची सुरुवात आणि रागाची सुरुवात त्यांच्या बासरीत एकमेकांपासून वेगळी काढता येत नाही.

मुंबई, सिनेमा आणि छत्तिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी

१९४०मध्ये पन्नालाल मुंबईत आले. पुढची पंधरा-सोळा वर्षं हेच त्यांचं गाव. सिनेमात त्यांचा जम बसला. 'बसंत' (१९४२) या बॉम्बे टॉकीजच्या गाजलेल्या चित्रपटावर संगीतकार म्हणून त्यांचं नाव आहे. याच चित्रपटात बालकलाकार म्हणून झळकलेली मुलगी पुढे मधुबाला झाली. 'किस्मत'मध्ये (१९४३) पारुल घोष यांचा आवाज घरोघरी पोचला. किशोरकुमार असलेल्या 'आंदोलन'ला (१९५१) पन्नालाल यांचं संगीत होतं. घरात दोन कलाकार, दोघांनाही काम, दोघांचंही नाव.

इथे गोष्ट थांबली असती तरी ती यशाचीच गोष्ट होती. पण १९४७मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पन्नालाल उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्य झाले. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांना घडवणारे हे गुरू. मूळचे सरोदिये आणि शिस्तीच्या बाबतीत अत्यंत कडक म्हणून प्रसिद्ध. नाव झालेला, सिनेमाच्या पडद्यावर श्रेयनामावलीत झळकणारा माणूस शागीर्द म्हणून त्यांच्यासमोर जाऊन बसला.

याचा अर्थ काय होतो, हे तुम्ही कधी काही सोडून पुन्हा शिकायला घेतलं असेल तर कळेल. जे येतं ते बाजूला ठेवावं लागतं. ज्या हातांना टाळ्या मिळतात, ते हात गुरूसमोर पुन्हा चुकू द्यावे लागतात. आणि तो वेळ रेकॉर्डिंगच्या तारखांमधून काढावा लागतो, म्हणजे थेट उत्पन्नातून. अठराव्या वर्षी शिकणं सोपं असतं, कारण गमवायला काही नसतं. छत्तिसाव्या वर्षी सुरुवातीचे सूर पुन्हा लावायला बसायचं, तर अहंकाराचाही वॉर्म-अप लागतो!

या टप्प्यानंतरच्या त्यांच्या वादनात तो अभ्यास दिसतो. यमन, श्री, मारवा, पिलू अशी त्यांची वादनं रसिक आजही शोधून ऐकतात. दीपावली, चंद्रमौली, नूपुरध्वनी असे काही राग त्यांनी स्वतः रचले. बासरी आता साथीचं वाद्य राहिली नव्हती. सतार, सरोद, सारंगीच्या रांगेत तिची जागा झाली होती. आणि तरीही सिनेमाशी त्यांनी वैर धरलं नाही. शंकर-जयकिशन यांच्या 'बसंत बहार'मध्ये (१९५६) लता मंगेशकरांच्या गाण्याबरोबर वाजणारी बासरी पन्नालाल यांची आहे. याच चित्रपटात पंडित भीमसेन जोशीही गायले आहेत. आपल्या आजी-आजोबांना विचारा, ते लगेच गाणं गुणगुणून दाखवतील.

याच मुंबईत १९५६मध्ये धाकटे भाऊ निखिल घोष यांनी 'संगीत महाभारती' ही संस्था उभी केली. आणि याच मुंबईत पन्नालाल यांच्याभोवती शिष्य जमले. देवेंद्र मुर्डेश्वर, जे पुढे त्यांचे जावईही झाले, व्ही. जी. कर्नाड, असे किती तरी. या शिष्यांना एक गोष्ट मिळाली जी त्यांच्या गुरूला कधीच मिळाली नव्हती: समोर बसून बासरी वाजवून दाखवणारा, बोट इथे नाही तिथे असं सांगणारा बासरीवाला गुरू.

दिल्लीची चार वर्षं

१९५६मध्ये पन्नालाल दिल्लीला गेले. आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाची सूत्रं रविशंकर यांच्यानंतर त्यांच्याकडे आली. वेगवेगळ्या घराण्यांची, वेगवेगळ्या प्रांतांची वाद्यं एकत्र बसवून त्यांच्यासाठी रचना करायच्या, हे काम स्टुडिओत घडलेल्या माणसाला चांगलं जमणारं होतं. 'कलिंगविजय'सारख्या त्यांच्या रचना त्या काळात गाजल्या.

वृत्तीने ते भाविक होते, रामकृष्ण परमहंसांचे भक्त. आखाड्यातली शिस्त, गवयाचा खर्ज आणि ही भक्ती, तिन्ही गोष्टी त्यांच्या बासरीत एकत्र आल्या होत्या असं म्हणायला हरकत नाही. कारण लांब सुरात एकदा माणूस शिरला की व्यायाम कुठे संपतो आणि ध्यान कुठे सुरू होतं, हे सांगणं कठीण.

२० एप्रिल १९६० रोजी दिल्लीत हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. वय फक्त अठ्ठेचाळीस. म्हणजे अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे गेल्यानंतर त्यांना अवघी तेरा वर्षं मिळाली. चाळिशी ओलांडलेला कलाकार जेव्हा खऱ्या अर्थाने पिकायला लागतो, तेव्हाच ते गेले. छत्तिसाव्या वर्षी 'आता काय शिकायचं' म्हणून ते थांबले असते, तर ही तेरा वर्षंही नसती.

मागे राहिलं ते मात्र भरपूर. आज देशात कुठेही बासरीची मैफल बघा, वादकाच्या हातात लांब बासरी दिसेल. आलापासाठी मोठी आणि धून वाजवताना छोटी, ही आपल्याला इतकी सवयीची गोष्ट झालीये की ती कुणीतरी सुरू केली असेल असं वाटतही नाही. मुर्डेश्वरांकडून ही परंपरा पुढे गेली. लहानपणी थेट पन्नालाल यांच्यासमोर बसलेले आणि नंतर मुर्डेश्वर आणि अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या कन्या अन्नपूर्णादेवी यांच्याकडे शिकलेले मुंबईचे पंडित नित्यानंद हळदीपूर, हे त्याच धाग्याचं एक टोक.

तर, कपाटावरची बासरी खाली काढणार असाल तर आधी तिच्यावरची धूळ पुसा, कोरड्या मऊ कापडाने आतूनही. गाण्याचा व्हिडिओ लगेच लावू नका. पहिला आठवडा रोज वीस मिनिटं: पाच मिनिटं श्वास आणि बोटं, दहा मिनिटं लांब षड्ज, पाच मिनिटं एकेक बोट टेकवत खाली. हॉस्टेलवर असाल तर काळजी नको, खर्जाचा आवाज शेजारच्या खोलीला फारसा त्रास देत नाही. रात्री झोपताना हेडफोन लावून पन्नालाल यांचा यमन ऐका. पहिली पाच मिनिटं ते कुठेही घाईने जाणार नाहीत. तेवढ्या वेळात ते प्रत्येक सुरावर किती थांबतात, ते मोजा. दुसऱ्या दिवशी षड्ज लावताना ते मोजमाप कामाला येईल.